छायाचित्रातील सहजता



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, शेती अशा विषयांवर अधिकाराने बोलणारी मंडळी येत असतात. फोटोग्राफरची जागा अशा वेळी व्यासपीठाच्या खाली. हार घालताना एक, बोलताना दोन आणि आभार मानताना एक असे फोटो काढले की तो मोकळा झाला. चालकांनी आज मला खालून वर आणून बसवले आहे. तेव्हा माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवणार नाही अशी आशा करतो. माझा धंदा लग्नाचे फोटो काढण्याचा. शेलूबाजार आणि आसपासच्या गावांतील मांडवांतून हिंडताना या कामाविषयी माझे जे मत बनले, ते आपणापुढे मांडावयाचे आहे.

मत साधे आहे. लग्न घरच्यांचे असते, फोटोग्राफरचे नसते. आता आपण म्हणाल, यात नवीन ते काय? पण गेल्या काही वर्षांतला एखादा मांडव आठवून पाहा. अंतरपाट दूर झाला, नवरानवरीने एकमेकांकडे पाहिले, आणि इतक्यात आवाज येतो, "हार तसाच धरा, इकडे बघा!" गुरुजी मंत्र थांबवतात. मंगळसूत्र एकदा विधीसाठी बांधले जाते आणि एकदा फोटोसाठी. पाठवणीच्या वेळी मुलगी आईच्या गळ्यात पडलेली असते, तिला कोणी सांगतो, "ताई, मान जरा वर." त्या क्षणी मुलीचे रडूसुद्धा तिचे राहत नाही.

ही सवय आली कोठून? १८३९ साली फ्रान्समध्ये दागेर याने आपली छायाचित्रणाची रीत जगापुढे मांडली, तेव्हा एका चित्रासाठी काही मिनिटे लागत. माणूस हलला की चित्र पुसट. म्हणून पुढे स्टुडिओतून बसणाऱ्याच्या डोक्यामागे लोखंडी आधार लावण्याची पद्धत पडली. आपल्या पणजोबांच्या फोटोत चेहरे करारी दिसतात, त्याचे बरेचसे श्रेय त्या आधाराला द्यावे लागेल! पुढे काचा वेगवान झाल्या, फिल्म आली, आता तर फिल्मही राहिली नाही. स्थिर बसण्याचे कारण गेले. 'हलू नका' हा हुकूम मात्र राहिला.

हा हुकूम न देता किती मोठे काम होऊ शकते याचा दाखला आपल्या विदर्भातच आहे. सेवाग्रामला गांधीजींच्या जवळ त्यांचे नातू लागणारे कनू गांधी राहत असत. विनोबांचे बंधू शिवाजी भावे यांनी या तरुणाला आश्रमजीवन कॅमेऱ्यात टिपण्याची प्रेरणा दिली, आणि घनश्यामदास बिर्ला यांच्याकडून मिळालेल्या १०० रुपयांत कॅमेरा व फिल्म आली. गांधीजींनी परवानगी दिली ती तीन अटींवर. झगझगीत फ्लॅश वापरावयाचा नाही; मला कधी पोज घ्यावयास सांगावयाचे नाही; आणि या कामाचा खर्च आश्रम करणार नाही. कोणाही फोटोग्राफरने ऐकताच कॅमेरा परत करावा अशा या अटी! पण कनू गांधींनी त्या पाळल्या. कुष्ठरोगाने पीडित परचुरेशास्त्रींची शुश्रूषा करणारे गांधीजी आपण आज फोटोत पाहतो, ते अशाच छायाचित्रांतून. त्यात ना रोगी कॅमेऱ्याकडे पाहतो, ना सेवा करणारा. दोघांनाही त्या घटकेला त्याहून महत्त्वाचे काम आहे.

यातील तिसरी अट माझ्या धंद्याला परवडणारी नाही हे मी प्रांजळपणे सांगतो. पहिल्या दोन मात्र मी आपल्याशा केल्या आहेत. त्या पाळावयाच्या तर कामाची रीतच बदलावी लागते.

पहिली गोष्ट प्रकाशाची. वैशाखातले ऊन, भर दुपारचा मुहूर्त, वर लाल-गुलाबी कापडाचा मांडव. कापडातून उतरलेला उजेड चेहऱ्यावर पडतो आणि सगळे वऱ्हाड ताप आल्यासारखे तांबडे दिसते. उघड्यावर उभे केले तर ऊन डोक्यावरून येते आणि डोळ्यांच्या जागी काळे खळगे दिसतात. त्यावर फ्लॅश हा सोपा उपाय. पण तो एकदा चमकला की शंभर माणसांना कॅमेऱ्याची आठवण होते. म्हणून मी आदल्या दिवशी घर पाहून ठेवतो. उत्तरेकडची खिडकी कोणती, ओसरीवर सावली किती वाजता येते, हे विचारतो. हळदीचा पाट मांडवाच्या मधोमध ठेवण्याऐवजी चार हात सरकवून मोकळ्या कडेला, सावलीत ठेवा, एवढीच विनंती करतो. त्यानंतर कोणाला काही सांगावे लागत नाही. आणि गोरज मुहूर्त असला तर काय विचारता! तो तिरपा, धुळीतून गाळून आलेला उजेड विकत मिळत नाही.

दुसरी गोष्ट विधीच्या माहितीची. ज्याला पुढे काय होणार हे ठाऊक नसते, तोच 'थांबा, पुन्हा करा' असे म्हणतो. शेवटच्या मंगलाष्टकाचे 'सावधान' कानी पडण्यापूर्वी मी जागेवर उभा असलो, तर अंतरपाट कोणासाठी थांबवावा लागत नाही. आपल्या भागात तर निरनिराळ्या रीतींचे मांडव. बौद्ध विवाहात वंदना, प्रतिज्ञा आणि पुष्पहार यांना महत्त्व. तेथे वंदनेच्या वेळी कॅमेऱ्याने समोर नाचू नये. निकाहात नवरीची संमती बहुधा बायकांच्या खोलीत विचारली जाते; तेथे पुरुषाचे काम नाही, म्हणून घरातल्याच एखाद्या मुलीच्या हाती कॅमेरा द्यावा. बंजारा तांड्यावर निरोपाच्या वेळी नवरी ढावलो गाते. ते गाणे कानांनी ऐकावयाचे असते. मी त्या वेळी एकदोनच फोटो घेतो, तेही लांबून.

तिसरी गोष्ट वेळेची. आदल्या दिवशी मी कॅमेरा गळ्यात अडकवून नुसता बसतो. चहा घेतो, कोण कोणाचे ते विचारतो. पोरे पहिला अर्धा तास कॅमेऱ्यासमोर उड्या मारतात, मग कंटाळतात. मोठ्यांचेही तेच, फक्त त्यांना थोडा अधिक वेळ लागतो. सारे कंटाळले की माझे काम सुरू होते.

एक हिशेब सांगतो. साध्या उजेडात कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाचा सुमारे १२५ वा भाग उघडा राहतो. म्हणजे ५०० फोटोंचा आल्बम केला, तरी त्यात सगळे मिळून सेकंद भरतात ४. दोन दिवसांच्या लग्नातले चार सेकंद! ते कोणाच्या वाट्याला द्यावयाचे, हा माझ्या धंद्यातला खरा प्रश्न आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सहज फोटो म्हणजे माणसाला बेसावध पकडणे नव्हे. पंगतीत तोंडात घास असलेला, पदर सुटलेला, डुलकी लागलेला असा फोटो काढून लोकांना हसवणे सोपे आहे. त्याला मी चोरी म्हणतो. उलट एखादी आजी डोक्यावरून पदर घेऊन, हात गुडघ्यांवर ठेवून, ताठ बसते आणि म्हणते, "काढ आता." तिला 'आजी, जरा हसा, सहज बसा' असे सांगणारा मी कोण? तिच्या दृष्टीने फोटो म्हणजे हेच, आणि ती बैठक तिची स्वतःची आहे. गांधीजींनी पोज नाकारली ती स्वतःच्या इच्छेने. आजीने ती घेतली तीही स्वतःच्या इच्छेने. दोन्हीकडे फोटोग्राफरने आपली इच्छा लादली नाही म्हणजे झाले.

आता जे सांगावयाचे आहे ते थोडे अवघड आहे. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, त्यांत आपला वाशिम जिल्हा होता. त्या घरांतल्या मुली आता लग्नाच्या झाल्या. अशा लग्नात कन्यादान काका किंवा मामा करतात. आई कोठे असते? स्वयंपाकाच्या जागी, नाहीतर मांडवाच्या शेवटच्या खांबाआड. जिने कर्ज फेडले, मुलीला शिकवले, ती हळदीला पुढे होत नाही, आणि आल्बमच्या एकाही पानावर दिसत नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांबाबतच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनाही तसे करण्याचे आवाहन केले. ठराव झाले, तरी मांडवातला खांब अजून जागेवर आहे.

मी समाजसुधारक नव्हे. त्या माउलीला हात धरून बोहल्यावर ओढून आणणे मला शोभणार नाही. तिला ते रुचेलच असेही नाही. पण मला पाय आहेत, ती असेल तेथे मी जाऊ शकतो. अक्षता पडताना सगळे कॅमेरे बोहल्याकडे वळलेले असतात. त्या वेळी मागे वळून पाहावे. तिच्याही मुठीत अक्षता असतात, आणि त्या ती लांबूनच टाकते. तिचा होकार असला तर त्यातला एक फोटो मी आल्बमच्या पहिल्या पानांत लावतो. त्याबद्दल आजवर एकाही मुलीने तक्रार केलेली नाही.

शेवटी आणखी एक. लग्नातले फोटो लग्नापुरते नसतात. काही वर्षांनी कोणीतरी दुकानात येतो, जुना ग्रूप फोटो पुढे ठेवतो आणि एका चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणतो, "एवढा वेगळा काढून मोठा करून द्या." मी कारण विचारत नाही. भिंतीवर लावण्यासाठी त्या माणसाचा दुसरा फोटो घरात नसतो. म्हणून मांडवात जितके म्हातारेकोतारे असतील, त्यांतील प्रत्येकाचा एकेक निवांत फोटो मी घेऊन ठेवतो. त्याचे वेगळे पैसे मी लावत नाही.

आपणांकडे माझ्या तीन विनंत्या आहेत. फोटोसाठी विधी थांबवू देऊ नका. फोटोग्राफरला पोजची यादी देण्याऐवजी माणसांची यादी द्या. कोण लांबून येणार, कोण आजारी आहे, कोण मागे उभे राहणार, ते सांगा. आणि काढलेल्या फोटोंपैकी निदान पन्नास तरी कागदावर छापून घ्या. फोन बिघडला की त्यातले लग्नही जाते. एवढे झाले तर बाकीचे आमच्याकडे लागले.