हिमनदीवर ड्रोन

साठी उलटल्यावर मुलाच्या आग्रहानें मी आइसलंडला गेलों आणि ड्रोननें छायाचित्रें घेणाऱ्या एका मेळ्यांत सामील झालों. सोल्हेमायोकुल नांवाच्या हिमनदीशीं येतांच वाटाड्यानें प्रथम वाऱ्याचा अदमास घेतला. बर्फावरून खालीं घसरणारा गार वारा तें चिमुकलें यंत्र सहज लोटून देतो, आणि थंडीनें त्याच्या बॅटरीचें बळही लवकर सरतें.

यंत्र वर गेलें. हातांतील पडद्यावर शुभ्र बर्फ दिसेल अशी माझी कल्पना. दिसले ते ज्वालामुखीच्या राखेचे काळे पट्टे! ही हिमनदी ज्या हिमाच्छादनांतून उतरते, त्याच्याच पोटांत काटला ज्वालामुखी आहे. त्याचा मोठा उद्रेक १९१८ सालीं झाला होता.

हिमनदीच्या मुखाशीं मात्र तळें होतें. ह्वोल्सवोल्लुर गांवच्या शाळेंतील मुलें २०१० सालापासून दर वर्षीं शरदांत हें मुख किती मागें सरलें तें मोजूं लागलीं. पुढें तळें वाढलें तेव्हां त्यांना मोजणीसाठीं होडी घ्यावी लागली. मीं कित्येक वर्षें वर्गांत फळ्यावर हिमनदी काढिली, पण ती नेहमीं पुढेंच सरकणारी! तळ्याचें तें चित्र मीं माझ्या जुन्या शाळेकडे धाडिलें आहे.