गोळा लांब जावा, पण डोळे सांभाळून

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यातही एखाद्या मुलाच्या मनात येतं : पाइपची तोफ करावी आणि कोणत्या इंधनानं गोळा लांब जातो ते पाहावं. प्रश्न चांगला आहे. वाट मात्र धोक्याची.

शेतातली माकडं हाकलायची कार्बाइडची नळी अनेकांनी पाहिली असेल. कार्बाइडला पाणी लागलं की अ‍ॅसिटिलीन वायू निघतो. स्वयंपाकाचा गॅस हवेत साधारण २ ते ९ टक्के असेल तरच पेटतो; अ‍ॅसिटिलीन मात्र अडीच टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत. त्यामुळे बार कधी होईल याचा नेम नाही. तो झाला नाही म्हणून मूल नळीत डोकावतं, आणि घात होतो. २०२५ च्या दिवाळीत शेजारच्या मध्य प्रदेशात शंभरावर जणांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यांत मुलंच जास्त.

शिवाय नळीतलं मिश्रण दरवेळी वेगळं. मग तुलना कसली?

त्यापेक्षा पाण्याचं रॉकेट करा. शीतपेयाची प्लास्टिकची बाटली, पाणी, सायकलचा पंप. बाटली, कोन आणि हवेचा दाब तोच ठेवा. बदला फक्त पाणी. प्रत्येक मापाची पाच उड्डाणं करून अंतराची सरासरी काढा. पाणी जास्त झालं तर हवेला जागा उरत नाही. कमी झालं तर मागं फेकायला वजन नसतं. मधलं माप मुलांनीच शोधावं. मैदान मोकळं, डोळ्यांवर चष्मा आणि गुरुजी जवळ, एवढं मात्र हवंच.