मोटारसायकलचे तेल
(मंडळाच्या हळदीकुंकवाच्या दिवशी केलेले भाषण)



आजवर या मंडळात पापड-लोणच्यांवर, बाळाच्या खोकल्यावर भाषणे झाली. माझा विषय ऐकून मागच्या सतरंजीवर हसू फुटले आहे ते मला इथून दिसते. हसा खुशाल, पण ऐका. मी सातवी शिकलेली बाई. मोटारसायकल मला चालविता येत नाही. तिचे तेल मात्र गेली सहा वर्षे मीच घरी बदलते.

आपल्या मूल तालुक्यात मोटारसायकल आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. राइस मिलमधले काम, दवाखाना, चंद्रपूरची कचेरी, सारे तिच्यावर. आणि चंद्रपूरचा रस्ता केसलाघाटच्या जंगलातून जातो. घरचे माणूस दिवेलागणीला त्या वाटेने यावयाचे असले म्हणजे आपले अर्धे लक्ष दाराकडे असते. जिथे वाघ रस्ता ओलांडतो तिथे गाडीने दगा देऊन चालत नाही.

पूर्वीच्या राजदूतला पेट्रोलातच तेल मिसळून घालीत, ते धुरावाटे जळून जाई. १९८५ साली हिरो होंडाची सीडी शंभर गाडी आली आणि पुढे चार-स्ट्रोक गाड्याच घरोघरी झाल्या. यांचे तेल इंजिनाच्या पोटात राहते व तेच ते फिरत असते. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापविले की कसे होते, ते तुम्हाला मी काय सांगावे! त्यात काजळी आणि लोखंडाचा बारीक कीस मिसळतो. वर आपल्याकडचा उन्हाळा ४६-४७ अंशांचा.

किती किलोमीटरला तेल बदलावयाचे ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. दुकानदार म्हणेल ते तेल घेऊ नये. मोटारसायकलचा क्लच याच तेलात बुडालेला असतो, म्हणून मोटारीचे तेल घातले तर तो घसरतो. आमच्या गाडीला '१० डब्ल्यू ३०' लागते, आणि बाटलीवर 'जासो एमए' अशी अक्षरे आहेत ना, ते मी पाहून घेते.

गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करावी. तीन-चार मिनिटे चालू ठेवून बंद करावी, म्हणजे तेल पातळ होते. फार तापवू नये, हात भाजेल. खाली जुने घमेले ठेवावे. इंजिनाच्या तळाशी नट आहे, आमच्या गाडीला १७ नंबरचा पाना लागतो. हातात प्लास्टिकची पिशवी घालावी, कारण हे काळे तेल अंगाला वारंवार लागणे बरे नव्हे, त्याने त्वचेचा कर्करोगही होऊ शकतो. सगळे निथळेपर्यंत थांबावे. मग वायसर पुसून नट आधी हाताने फिरवून बसवावा. त्यानंतर पान्याने आवळावा, पण जोर दाखवू नये. तिथला धातू मऊ असतो, आटे गेले की मिस्त्रीच गाठावा लागतो. नवे तेल पुस्तकातल्या मापाने घालावे. आमच्या गाडीत लिटरच्या आतच मावते. पुन्हा थोडा वेळ चालवून बंद करावी, दोन-तीन मिनिटांनी तेलाची काडी पुसून, आटे न फिरविता नुसती आत टेकवून पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. अर्ध्या तासाचे काम. आमच्या घरचे आधी म्हणाले, "हे बायकांचे काम नव्हे." आता घमेले तेच आणून देतात!

पण खरे बोलावयाचे ते घमेल्यातल्या तेलाविषयी. एका दुकानामागे हे तेल नालीत ओतलेले मी पाहिले. पावसात ती नाली बोडीला मिळते, बोडीचे पाणी बांधीत जाते. तेलाचा तवंग पाण्यावर पसरला की खालच्या मासळीला हवा मिळत नाही. आपल्या मामा तलावांवर धान आहे, शिंगाडा आहे, ढिवरांची पोटे आहेत. कोणी ते दाराच्या चौकटीला वाळवीसाठी फासतात, कोणी बैलाच्या खरजेला लावतात. बैल अंग चाटतो हो! चुलीत तर मुळीच घालू नये, तो धूर आपल्याच छातीत जातो.

२०१६ च्या सरकारी नियमांत वापरलेले तेल घातक कचऱ्यात धरले आहे. ते शुद्ध करून पुन्हा वंगण होते. म्हणून मी ते रिकाम्या बाटलीत भरते, बूच लावते, वर 'जळके तेल' असे लिहिते आणि पोरांच्या हाती लागणार नाही असे ठेवते. नंतर, जो मिस्त्री ते जमवून परवानाधारक व्यापाऱ्याला देतो, त्याच्याकडे नेऊन देते. आधी विचारून घ्यावे, "भाऊ, तुम्ही याचे काय करता?" उत्तर नीट आले नाही तर दुसऱ्याकडे जावे. आपल्या आळीत पाच-सहा गाड्या आहेत. प्रत्येकीने बाटली भरून ठेवली तर एकाच फेरीत काम होईल, आणि ती फेरी माझी.

येत्या रविवारी सकाळी आमच्या गाडीची पाळी आहे. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी आठ वाजता अंगणात यावे. जुनी साडी नेसून या, डाग निघत नाहीत.