सूत्रकृमी नियंत्रण : मातीतील जिवाणू आणि विश्वासाचे अर्थकारण



शेतीच्या नुकसानीचा विचार करताना दुष्काळ, गारपीट आणि टोळधाड ही नावे सहज सुचतात. परंतु जमिनीखाली, डोळ्यांना न दिसणारा एक शत्रू दरवर्षी पिकाचा मोठा हिस्सा गिळंकृत करीत असतो. तो म्हणजे वनस्पती परजीवी सूत्रकृमी. अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार सूत्रकृमींमुळे देशातील पिकांचे सरासरी २१.३ टक्के नुकसान होते. रुपयांत ते वर्षाला सुमारे १०,२०४ कोटी भरते. त्यांपैकी सुमारे ५,०२२ कोटी रुपयांचा वाटा १९ बागायती पिकांचा, तर उरलेला ११ क्षेत्रीय पिकांचा आहे.

शत्रूची ओळख

भारतात या समस्येची नोंद जुनी आहे. १९०१ मध्ये बार्बर यांनी दक्षिण भारतातील देवाला येथील चहाच्या मळ्यात मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी आढळल्याचे नमूद केले. १९६१ मध्ये निलगिरीत बटाट्यावरील सोनेरी सूत्रकृमी सापडला. आज टोमॅटो, ढोबळी मिरची, वांगी, भेंडी, डाळिंब, पेरू, केळी अशा अनेक पिकांना त्यांची बाधा होते.

मातीतील सर्वच सूत्रकृमी शत्रू नसतात, हे येथे लक्षात घ्यावे. पुष्कळसे सूत्रकृमी जिवाणू व बुरशी खाऊन जगतात आणि अन्नद्रव्यांच्या चक्राला हातभार लावतात. काही तर किडींचा नाश करतात. उपद्रवी ठरतो तो मुळांत शिरणारा गट. त्यांतील 'मेलॉयडोगाइनी इन्कॉग्निटा' या जातीची मादी नराशिवायही प्रजनन करते आणि एका वेळच्या पुंजक्यात काही शेकडा अंडी घालते. उबदार जमिनीत तिचे जीवनचक्र साधारण महिनाभरात पूर्ण होते. समजा, ३०० अंड्यांपैकी दहातील एकच पिल्लू मुळापर्यंत पोचले, तरी एका मादीच्या तीस होतात आणि तीन पिढ्यांत सत्तावीस हजार. पीक पिवळे पडून कोमेजू लागते, तेव्हा शेतकरी पाणी व खत वाढवितो. रोग मात्र मुळाशी असतो.

रसायनांच्या मर्यादा

या शत्रूवर अनेक वर्षे रसायनांचा मारा झाला. मिथाइल ब्रोमाइड हे धुरीकरणाचे रसायन ओझोनच्या थराला घातक ठरल्याने १९८७ च्या माँट्रियल करारांतर्गत विकसित देशांत २००५ पर्यंत, तर विकसनशील देशांत २०१५ पर्यंत, काही अपवाद वगळता, वापरातून बाद झाले. भारतात फोरेट या दाणेदार कीटकनाशकावर २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. म्हणजे जुने उपाय मागे पडत आहेत आणि त्यांची जागा कोण घेणार, हा प्रश्न शेतकऱ्यापुढे उभा आहे.

मातीतील मित्र

या प्रश्नाचे एक उत्तर मातीतच आहे. 'पाश्चुरिया पेनेट्रान्स' या जिवाणूचे बीजाणू मातीतून सरकणाऱ्या सूत्रकृमीच्या कातडीला चिकटतात, त्याच्याबरोबर मुळात शिरतात आणि पुढे त्याच्या शरीरात वाढून मादीची प्रजननशक्ती नष्ट करतात. मुळे कुजली की तिच्या शरीरातून लक्षावधी नवे बीजाणू मातीत मिसळतात. हा जिवाणू काटक आहे. पण तो यजमानाच्या निवडीत फार चोखंदळ असून प्रयोगशाळेत वाढविण्यास कठीण आहे. 'स्यूडोमोनास फ्लुरोसेन्स' मुळांभोवती वसाहत करतो, सूत्रकृमींना मारक द्रव्ये स्रवतो आणि वनस्पतीची स्वतःची प्रतिकारशक्ती जागवितो. 'बॅसिलस' कुळातील काही जिवाणूही असेच उपयुक्त आहेत. जपानमधील मातीत सापडलेल्या 'स्ट्रेप्टोमायसिस' जिवाणूपासून ॲव्हरमेक्टिन द्रव्ये मिळाली. त्यांच्या शोधाबद्दल सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल हे २०१५ च्या नोबेल पुरस्काराचे मानकरी ठरले. याच गटातील ॲबामेक्टिन सूत्रकृमींविरुद्धही वापरले जाते.

बेंगळुरूचे कार्य

भारतात या दिशेने झालेल्या कामात बेंगळुरूचे स्थान महत्त्वाचे आहे. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या, हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने स्यूडोमोनास जिवाणू, तसेच ट्रायकोडर्मा, पोकोनिया यांसारख्या उपयुक्त बुरशींवर आधारित उत्पादने विकसित केली आणि त्यांचे तंत्रज्ञान परवाना पद्धतीने उत्पादकांना दिले. वापराची शिफारसही सोपी आहे. एक टन चांगल्या कुजलेल्या शेणखतात दोन किलो जैविक उत्पादन मिसळावे, ओलावा राखून ते सुमारे पंधरा दिवस सावलीत झाकून ठेवावे आणि मग लागवडीपूर्वी जमिनीत द्यावे. या काळात सूक्ष्मजीव शेणखतावर वाढतात. कारखान्यात जे वाढविण्यास भांडवल लागते, त्याचा काही भाग शेतकऱ्याच्या उकिरड्यावरच साध्य होतो, हे या पद्धतीचे आर्थिक मर्म होय.

पाकिटातील अदृश्य गुण

तंत्र उपलब्ध असूनही त्याचा प्रसार मर्यादित का, याचे उत्तर जीवशास्त्रापेक्षा अर्थशास्त्रात अधिक सापडते. जैविक उत्पादनाच्या एका ग्रॅममध्ये किमान दहा कोटी जिवंत जिवाणू असणे अपेक्षित असते. परंतु भुकटीकडे पाहून ते जिवंत आहेत की उन्हात तापलेल्या गोदामात मेले आहेत, हे शेतकऱ्याला कळत नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणातून दाखविले, की विक्रेत्याला असलेली माहिती ग्राहकाला नसेल तर निकृष्ट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. २००१ च्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी होते. त्यांचा हा सिद्धान्त जैविक कीडनाशकांना तंतोतंत लागू पडतो. एकदा निर्जीव भुकटी विकत घेतलेला शेतकरी पुढच्या हंगामात अस्सल उत्पादनावरही विश्वास ठेवत नाही.

दुसरी अडचण बाह्य परिणामांची. बाधित रोपे विकणारा रोपवाटिकाधारक पैसे घेऊन मोकळा होतो. त्याचा भुर्दंड मात्र डाळिंबाची वा पेरूची बाग लावणारा पुढे अनेक वर्षे भरतो. पाण्याबरोबर व अवजारांच्या मातीतून ही बाधा शेजाऱ्याच्या शेतातही जाते. कर्ज काढून पॉलिहाऊस उभारणाऱ्याला तर पिकाची फेरपालट करणेही परवडत नाही.

तिसरी गोष्ट, निसर्गात आढळणारा जिवाणू केवळ शोधून काढला म्हणून त्यावर पेटंट मिळत नाही. त्यामुळे अशा मूलभूत शोधकार्यात खासगी गुंतवणूक अपुरी राहते आणि सार्वजनिक संशोधन संस्थांची जबाबदारी वाढते.

पुढील दिशा

यावरून धोरणाची दिशा स्पष्ट होते. कीटकनाशक कायदा, १९६८ खाली जैविक उत्पादनांची नोंदणी होते. पण नोंदणीच्या वेळचा दर्जा विक्रीच्या दिवशीही टिकतो का, हे दुकानातील नमुन्यांच्या तपासणीतूनच समजेल. अशा तपासणीचे निष्कर्ष स्थानिक भाषेत जाहीर व्हावेत. रोपवाटिकांना सूत्रकृमीमुक्त रोपांचे प्रमाणपत्र बंधनकारक असावे. माती परीक्षणात नत्र, स्फुरद व पालाश यांच्या जोडीने सूत्रकृमींची मोजणीही व्हावी.

जिवाणू हा काही रामबाण उपाय नव्हे. तो रसायनापेक्षा हळू काम करतो, आणि उन्हाळी नांगरट, निंबोळी पेंड, झेंडूसारखे सापळा पीक व निरोगी रोपे यांच्या साथीनेच त्याचा गुण येतो. म्हणून संशोधनावरील खर्चाइतकीच तरतूद दर्जाच्या हमीसाठी झाली, तरच हेसरघट्ट्याच्या प्रयोगशाळेतील जिवाणू टोमॅटोच्या मुळापर्यंत जिवंत पोचेल.