रक्ताचा दाब आणि आमची वही

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें भाषण)



देवळाच्या इतिहासाविषयीं अधिकारवाणीनें बोलणारी मंडळी आपल्यांत पुष्कळ आहेत, व त्यांचीं भाषणें आपण सकाळपासून ऐकतच आहों. आमच्या वांट्यास आलेला विषय त्या मानानें अगदींच घरगुती आहे. मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर पूर्वी पाऊसपाण्याच्या व केळीच्या भावाच्या गोष्टी चालत, हल्लीं तेथें "तुमचें प्रेशर काय म्हणतें?" हाच प्रश्न अधिक ऐकूं येतो. विचारणारा हंसत विचारतो, उत्तर देणाराही हंसतच "ठीक आहे" म्हणतो, आणि पुष्कळदां त्या उत्तराला कशाचाच आधार नसतो.

आम्ही वैद्य नव्हों. आमचीं चौतीस वर्षें मुलांना गणित शिकविण्यांत गेलीं, आणि अलीकडचीं एकोणीस वर्षें या दाबाच्या संगतींत चाललीं आहेत. कोणीं कोणतें औषध घ्यावें हें सांगण्याचा अधिकार डॉक्टरांचा. पण दाब नीट कसा मोजावा, तो कां बदलतो, आणि बदलला म्हणजे काय करावें व काय करूं नये, हें आम्ही थोडें अनुभवानें, व त्याहून अधिक चुकांनीं, शिकलों आहों.

आमचे वडील बंधु अंगानें दणकट होते. साठी उलटल्यावरही वाडींत कुदळ चालवीत. डॉक्टरांचें नांव काढलें कीं त्यांचें उत्तर ठरलेलें असे: "डोकें दुखत नाहीं, चक्कर येत नाहीं, मला कसलें प्रेशर?" एके दिवशीं पहाटे ते बिछान्यावर उठून बसले, तों उजवा हात उचलेना, तोंड वांकडें झालें, वहिनींना हांक मारावी तर शब्द फुटेना. घरच्यांना वाटलें, गारठ्यानें अंग आखडलें. तेल चोळण्यांत व वाट पाहण्यांत सबंध सकाळ गेली. दवाखान्यांत त्यांचा दाब मोजला, तो त्यांच्या आयुष्यांतला पहिलाच. वरचा आंकडा २१० होता. त्यानंतर तीन वर्षें ते अंथरुणावर होते, आणि जें बोलत तें एका वहिनींनाच समजे. त्यांच्या तोंडचें तें वाक्य आम्हीं या गांवांत इतक्या घरीं ऐकलें आहे कीं, आज येथें उभे राहण्याचें आमचें खरें कारण तेंच होय.

दाब वाढला म्हणजे तो आपल्याला कळतोच, ही समजूत खोटी आहे. बहुतेकांस वर्षानुवर्षें कांहींएक जाणवत नाहीं. आणि तेवढ्या काळांत मेंदूच्या, हृदयाच्या, डोळ्यांच्या व मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्या आंतून बिघडत जातात. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पंधरा वर्षांवरील पुरुषांत शेंकडा २४ व स्त्रियांत शेंकडा २१ यांस हा विकार आढळला. म्हणजे या सभामंडपांतील प्रत्येक बांकावर एखाददुसरें माणूस असावें.

वाडींत पंप सुरू केला कीं रबरी नळी ताठ होते व तिच्या भिंतीवर पाण्याचा जोर बसतो. तसाच रक्ताचा जोर रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर बसतो. हृदय आंवळतें तेव्हांचा जोर हा वरचा आंकडा, व तें सैल पडतें तेव्हांचा तो खालचा. हा जोर प्रथम मोजला तो इंग्लंडांतील स्टीफन हेल्स नांवाच्या एका पाद्र्यानें. त्यानें घोडीच्या मांडीच्या धमनींत नळी बसवून तिला उभी कांचेची नळी जोडली, तों रक्त आठ फूट तीन इंच चढलें. १७३३ सालच्या ग्रंथांत त्यानें हें लिहून ठेविलें. माणसावर असला प्रयोग करणें अर्थातच शक्य नव्हतें. पुढें १८९६ सालीं इटलींतील रिवा-रोची यांनीं दंडाला बांधावयाचा हवेचा पट्टा काढला, व १९०५ सालीं रशियांतील कोरोत्कोव्ह यांनीं पट्ट्याखालच्या धमनीवर नळी लावून आवाज ऐकण्याची रीत सांगितली. तेव्हांपासून दोन्ही आंकडे सुईच्या टोंचण्यावांचून मिळूं लागले.

परंतु मोजतां येणें निराळें व उतरवितां येणें निराळें. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांची गोष्ट या बाबतींत मोठी शोचनीय आहे. १९४४ च्या मार्चमध्यें एका हृदयतज्ज्ञानें त्यांस तपासलें, तेव्हां दाब १८६ वर १०८ होता. पुढें तज्ज्ञ त्यांच्या दिमतीस राहिला. दाब वारंवार मोजला जाई, टिपून ठेवला जाई. मीठ कमी केलें, विश्रांति सांगितली. बाहेर मात्र प्रकृति उत्तम असल्याचें सांगण्यांत येत होतें. त्या दाबाला खात्रीनें उतरवील असें औषध तेव्हां अमेरिकेच्या अध्यक्षालाही मिळण्यासारखें नव्हतें. १२ एप्रिल १९४५ रोजीं "डोकें भयंकर दुखतें" असें म्हणून ते कोसळले. त्या वेळीं दाब ३०० वर १९० भरला, आणि मेंदूंतील रक्तस्रावानें कांहीं तासांतच त्यांचा अंत झाला. वय अवघें त्रेसष्ट.

यानंतर चारच वर्षांनीं, म्हणजे १९४९ सालीं, आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं सर्पगंधेच्या मुळीनें हा दाब उतरतो हें रोग्यांवरील अनुभवानिशीं ब्रिटिश हार्ट जर्नलमध्यें मांडलें, व तिकडच्या वैद्यांचें लक्ष या मुळीकडे वेधलें. आपल्याकडचे वैद्य ती मुळी पूर्वींपासून वापरीतच होते, आणि कलकत्त्यास १९३१ सालीं सेन व बोस या दोघांनीं तिजवर लिहिलेंही होतें. आज सर्पगंधा मागें पडली आहे. तिच्याहून सोसवणारीं औषधें निघालीं, तीं सरकारी आरोग्यकेंद्रांतही मिळतात. उच्च रक्तदाबाच्या नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, त्यांतील पहिल्या पांच राज्यांत आपलें महाराष्ट्र होतें. रूझवेल्टपाशीं आंकडे होते, औषध नव्हतें. आमच्या बंधूंच्या घरापासून औषध कोसभरही दूर नव्हतें, आंकडाच नव्हता.

आतां आंकड्याकडे वळूं. तो घरीं घेणें सोपें आहे, पण चुकीचा घेणें त्याहून सोपें आहे. बाजारांतून धांवत यावें, चहाचा पेला हातांत असावा, आणि बडबडत यंत्राची कळ दाबावी, असा आमचा पहिल्या महिन्यांतील खाक्या होता. खरी रीत अशी: अर्धा तास आधीं चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवीस जाऊन यावें. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून, पायावर पाय न टाकतां, पांच मिनिटें निमूट बसावें. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, सदऱ्यावरून नव्हे. व हात टेबलावर हृदयाच्या पातळीस टेंकलेला असावा. हात खालीं लोंबता राहिला तर आंकडा उगाच वर जातो. दंड जाड व पट्टा तोकडा असला तरी तसेंच होतें. मोजतांना बोलूं नये. एका मिनिटानें पुन्हां मोजावें, व दोन्ही आंकडे तारीख-वेळेसह लिहावे. डॉक्टरांकडे जावयाचें असेल त्याआधीं आठवडाभर सकाळीं गोळीपूर्वी व संध्याकाळीं जेवणापूर्वी असें करून ती वही त्यांच्यापुढें ठेवावी. दवाखान्यांत १४० वर ९० ही जी शीव मानितात, ती घरच्या मोजणीस १३५ वर ८५ अशी धरतात. कारण पुष्कळांचा दाब डॉक्टरांना पाहूनच चढतो. उलट, दवाखान्यांत शहाण्यासारखा वागून घरीं चढणारा दाबही असतो, व तो वहीवांचून सांपडत नाहीं.

दाब हा दगडावर कोरलेला आंकडा नव्हे. तो झोंपेंत उतरतो, पहाटे चढूं लागतो, थंडींत वाढतो, उन्हाळ्यांत कमी होतो. आमच्या वहींत एके ठिकाणीं १५८ लिहून पुढें "बांध" एवढाच शब्द आहे. त्या दिवशीं शेजाऱ्याशीं बांधावरून तंटा करून आम्ही तसेच यंत्रापुढें बसलों होतों. अर्ध्या तासानें तोच आंकडा १३४ भरला. अशा एका आंकड्यानें घाबरून जाणें व्यर्थ आहे. दुसऱ्या एका पानावर मात्र दहा दिवस आंकडा पायरी-पायरीनें चढलेला दिसतो. तेव्हां गुडघ्यासाठीं औषधांच्या दुकानांतून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आम्ही कोणास न विचारतां घेत होतों. त्यांनीं दाब वाढतो हें आम्हांस ठाऊक नव्हतें. वही पाहतांच डॉक्टरांनीं तें ओळखलें.

अतिरेकही नको. यंत्र नवें असतांना आम्ही दिवसांतून अकरा-अकरा वेळां मोजीत असूं. आंकडा पाहून काळजी, व काळजीनें पुढचा आंकडा वर. शेवटीं आमच्या कुटुंबानें तें यंत्र तांदळाच्या डब्यांत लपवून ठेविलें. तें बरेंच केलें असें आतां वाटतें.

आमची सर्वांत मोठी चूक निराळी होती. दोन वर्षें वहींत सारखे १२४, १२६ असे आंकडे येऊं लागले, तेव्हां आम्हीं गणिती डोक्यानें असा निष्कर्ष काढला कीं, रोग गेला. गोळ्या आपण होऊन बंद केल्या, आणि रोग गेल्यावर मोजावयाचें कशाला म्हणून वहीही बंद केली. कांहींच झालें नाहीं. प्रकृति उलट हलकी वाटे. तिसऱ्या महिन्यांत कुटुंबाच्या आग्रहानें पट्टा बांधला तर १७२ वर १०४. छत्रीखालीं आपण कोरडे आहों, यावरून पाऊस थांबला असें ठरवून छत्री मिटणाऱ्यासारखें आमचें झालें होतें. ज्या वर्षीं आम्ही हें शहाणपण केलें, त्याच्या आदल्याच वर्षीं आमचे बंधु वारले होते. हें सांगतांना आम्हांस लाज वाटते, पण सांगितलें पाहिजे.

मिठाविषयीं थोडें स्पष्ट बोलावें लागेल, कारण आपण किनाऱ्यावरचीं माणसें. जागतिक आरोग्य संघटना सबंध दिवसास पांच ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचाभरही नव्हे, इतकें मीठ सांगते. तें एका ताटांतील सुकें बोंबील, लोणचें व पापड यांतच संपतें. शिवाय पावांतलें मीठ जिभेला कळतही नाहीं. सुकी मासळी सोडा असें आम्ही म्हणणार नाहीं, आम्हींही ती सोडलेली नाहीं. पण ती पाण्यांत भिजवून, पाणी टाकून, आठवड्यांतून एखादे वेळीं खावी. सैंधव हेंही मीठच. दुकानांत मिळणारें पोटॅशियमचें मीठ मूत्रपिंडाच्या रोग्यांस व कांहीं गोळ्या घेणारांस घातक ठरतें, म्हणून तें विचारल्याशिवाय आणूं नये. लग्नांतील व सणांतील पेल्यानेंही दाब वाढतो. त्याविषयीं फादरांनीं व्यासपीठावरून पुष्कळदां सांगितलें आहे; आम्ही अधिक बोलत नाहीं.

म्हाताऱ्या मंडळींसाठीं एक गोष्ट महत्त्वाची. गुडघे टेकून झाल्यावर एकदम उठतांना डोळ्यांपुढें अंधारी येते, ती कित्येकदां दाब एकाएकीं खालीं आल्यानें. तेव्हां बांकाला धरून सावकाश उठावें. अशी अंधारी वारंवार येत असेल तर बसून व मग उभें राहून दाब मोजावा. वरचा आंकडा वीस किंवा अधिक उतरला तर डॉक्टरांस सांगावें, म्हणजे ते गोळीचें प्रमाण पाहतील. आणि कम्युनियन घ्यावयाचें म्हणून सकाळची गोळी टाळणारीं माणसें आपल्यांत अद्याप आहेत. १९५३ सालापर्यंत पाण्याचा घोटही वर्ज्य होता, त्या काळची ही संवय. आजच्या नियमानें उपवास एका तासाचा आहे. पाण्यानें व औषधानें तो मोडत नाहीं, व वृद्ध आणि आजारी यांस त्या तासाचेंही बंधन नाहीं. गोळी घेऊन यावें.

आणि दाब १८० वर १२० च्या पुढें गेला तर? त्रास नसेल तर पांच मिनिटें शांत बसून पुन्हां मोजावा, आणि तेवढाच भरला तर त्याच दिवशीं डॉक्टरांस गांठावें. आपल्या मनानें जादा गोळी घेऊं नये. पण छातींत दुखलें, दम लागला, तोंड वांकडें झालें, हात पडला, बोबडी वळली, तर आंकडा कितीही असो, मोजण्यांत वेळ घालवूं नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मेंदूंत रक्ताची गुठळी अडकली असेल तर ती विरघळविण्याचें औषध लक्षणें दिसल्यापासून साडेचार तासांच्या आंतच देतां येतें. तेल चोळण्यांत गेलेली ती सकाळ आम्हांस म्हणूनच विसरतां येत नाहीं.

मागील भिंतीपाशीं टेबलावर दोन यंत्रें ठेविलीं आहेत, व शेजारीं कोऱ्या वह्या आहेत. आमच्या शाळेंतील दोन जुन्या विद्यार्थिनी, ज्या आतां परिचारिका आहेत, तेथें बसतील. चहा तयार झाल्याचा वास येतो आहे. ज्यांना आज मोजावयाचें असेल त्यांनीं तो नंतर घ्यावा, व आतां भिंतीलगतच्या बांकावर पांच मिनिटें न बोलतां बसावें.