जुन्या गोधडीचा मान

आपल्या माळ्यावर किंवा एखाद्या जुन्या ट्रंकेत एक तरी फाटकी गोधडी खचित पडलेली असेल. ती टाकून देण्याचे धैर्य होत नाही आणि पांघरण्याजोगी ती राहिलेली नसते. अशा गोधडीचे काय करावे, याविषयी अनुभवाच्या चार गोष्टी सांगाव्यात, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा हेतू आहे.

मी पेशाने शिक्षक. नोकरी संपल्यापासून नागपूरजवळ वेणा नदीकाठच्या हिंगण्यास राहतो. आमच्या सौभाग्यवतींचा हात शिवणात चांगला. प्रथम शेजारणींच्या गोधड्या दुरुस्तीस आल्या, मग नागपुराहूनही लोक येऊ लागले आणि पाहता पाहता आमच्या ओसरीचे कामघर झाले. कापड भिजविणे, पट्ट्या कापणे, सुईत दोरा ओवून ठेवणे आणि हिशेबाची वही लिहिणे, ही कामे माझ्या वाट्यास आली.

रजई आणि गोधडी यांत पुष्कळजण घोटाळा करतात. रजईत कापूस भरलेला असतो. तो गोळा झाला म्हणजे पिंजून पुन्हा भरता येतो. गोधडीत मात्र कापडावर कापड अंथरलेले असते. जुनी लुगडी, धोतरे, मुलांचे आखूड झालेले सदरे एकावर एक पसरून, कडेपासून मध्याकडे धावदोऱ्याने शिवीत जावयाचे. बंगालातील कांथा आणि बिहारातील सुजनी या तिच्याच बहिणी. जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली. ती गिरणी आज बंद आहे. परंतु गिरणीचे कापड घरोघर पोहोचल्यावरही आपल्या बायकांनी जुनेर फेकले नाही. ठिगळांची लाज वाटण्याचे कारणही नाही. आपल्या विदर्भातच जन्मलेले गाडगे महाराज (१८७६–१९५६) चिंध्यांचे वस्त्र पांघरून गावोगाव हिंडले आणि लोकांनी त्यांना आदराने गोधडेबुवा म्हटले.

आता आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो. आरंभीच्या दिवसांत एक गृहस्थ आपल्या मातोश्रींची गोधडी घेऊन आले. वरचे हिरवे लुगडे पार विरले होते. आम्ही ते उसवून काढले, त्या जागी नवे, घट्ट विणीचे हिरवे कापड घातले आणि बारीक टाक्यांनी गोधडी शिवून दिली. काम देखणे झाले होते. गृहस्थांनी ती उलटसुलट पाहिली आणि हळूच विचारले, “गुरुजी, आईचे लुगडे कुठे आहे?” त्याच्या चिंध्या आम्ही चुलीसाठी दिल्या होत्या. त्यांनी एक शब्दही अधिक न बोलता मजुरी पुढे केली. ती घेताना मला जी शरम वाटली, ती अद्याप विसरलो नाही.

एवढ्यावरच भागले नाही. एका पावसाळ्यानंतर तीच गोधडी परत आली. नवे कापड न भिजविता लावल्यामुळे धुण्यात आटले होते आणि सगळीकडे चुण्या पडल्या होत्या. शिवाय आम्ही जाड, मजबूत दोरा वापरला होता. दुबळ्या कापडात बळकट दोरा घातला, की ताण पडताच तोच कापडास कापतो. जुने लुगडे जेथे आत उरले होते, तेथे ते टाक्यांच्या रांगेने फाटले होते.

त्या दिवसापासून आमचे काही नियम झाले. पहिला, विचारल्याशिवाय कात्री लावावयाची नाही. दुसरा, विरलेले कापड काढावयाचे नाही. त्यावर मऊ, धुतलेले, शक्य तर जुनेच कापड ठेवून त्याला आत जपावयाचे. ठिगळ भोकाएवढे न कापता चांगल्या कापडापर्यंत दोन बोटे पुढे न्यावयाचे. तिसरा, नवे कापड रात्रभर पाण्यात ठेवून वाळवावयाचे आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून रंग सुटतो काय ते पाहावयाचे. गळ्याशी ओढून ओढून वरची कड प्रथम फाटते. तिला उरेब पट्टी लावली म्हणजे ती कोपऱ्यावर नीट वळते.

गेल्या हिवाळ्यात एक बाई अर्धवट गोधडी घेऊन आल्या. त्यांच्या सासूबाई ती शिवता शिवता निवर्तल्या होत्या. सुई अजून कापडात टोचलेली होती. म्हाताऱ्या हाताचे टाके लांब आणि वाकडे होते. ते उसवून सारखे करावेत काय, असे मी विचारले. बाई म्हणाल्या, “नको गुरुजी. त्यांची सुई जिथे थांबली, तिथूनच काकूंनी पुढे शिवावे.” आमच्या घरातून तसेच केले. आज त्या गोधडीत दोन हात स्पष्ट वेगळे दिसतात आणि तेच योग्य आहे, असे मला वाटते. शाळेत मुलाचे अक्षर सुधारणे हे माझे काम होते. येथे ते नाही.

मजुरीविषयी थोडे बोलणे भाग आहे. “बाजारात नवे ब्लँकेट याहून स्वस्त मिळते,” असे कित्येकजण म्हणतात. ते खरेच आहे. ज्यांना केवळ ऊब हवी, त्यांनी खुशाल ब्लँकेट घ्यावे. परंतु गोधडीच्या दुरुस्तीत पैसे कापडाचे नसतात, बसल्या वेळेचे असतात. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी हे काम दुपारच्या फावल्या वेळात फुकट केले, म्हणून त्याची किंमत कोणी मांडली नाही. मी वहीत तास लिहू लागलो, तेव्हा सौभाग्यवतीच प्रथम हसल्या. महिन्याच्या अखेरीस बेरीज पाहून मात्र त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “आईने आयुष्यभर केवढे काम केले हो!”

तेव्हा श्रोतेहो, माळ्यावरील गोधडी खाली काढाल, तेव्हा ती शिवावयास देण्यापूर्वी घरातील वडील माणसाजवळ बसा. हे लुगडे कोणाचे, हा सदरा कोणाचा, ते विचारा आणि एका कापडाच्या पट्टीवर लिहून ती मागच्या बाजूस टाचून ठेवा. भोक कोणीही बुजवील. ते सांगणारे माणूस मात्र फार दिवस आपल्याजवळ असत नाही.