कुलूप कपाटाला, दोष मुलाला

मराठी मुले वाचत नाहीत, ही तक्रार ग्रंथालय चळवळीच्या अधिवेशनांत इतक्या वेळा मांडली गेली आहे की ती आता सिद्ध सत्यासारखी उच्चारली जाते, आणि तिचा दोष कधी मोबाइलवर, कधी इंग्रजी माध्यमावर, तर कधी पालकांच्या उदासीनतेवर टाकून सभा पुढच्या विषयाकडे वळते. या अध्यक्षीय भाषणाचे प्रतिपादन त्याविरुद्ध आहे. महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयानेच मुलाला पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकापासून दूर ठेवले, आणि त्यासाठी त्याने वापरलेले साधन म्हणजे बालविभागाच्या कपाटाला लावलेले कुलूप. मराठी बालसाहित्याच्या आवृत्त्या का खपत नाहीत, शाळेत पहिला येणारा विद्यार्थी पदवी मिळाल्यावरही एक सबंध पुस्तक का वाचू शकत नाही, वाचनालयाच्या सभासदांत तरुण नावे इतकी विरळ का, या सर्व प्रश्नांची मुळे त्या एका कुलपापर्यंत जातात. हे विधान काहींना अतिशयोक्त वाटेल. परंतु हे व्यासपीठ एकदाच मिळते, आणि ते गुळमुळीत बोलण्यात खर्ची घालणे हा अध्यक्षपदाचा अवमान ठरेल.

जनगणनेच्या हिशेबात ७ वर्षे व त्यावरील वयाची, कोणतीही एक भाषा समजून लिहू-वाचू शकणारी व्यक्ती साक्षर गणली जाते. ही व्याख्या मोजणीला सोयीची असली, तरी अक्षरे ओळखणे आणि सलग दहा पाने अर्थासह वाचणे यांमधले अंतर तिच्यात दिसत नाही. ते अंतर ज्या सरावाने कापले जाते, तो सराव पाठ्यपुस्तकातून मिळत नाही, कारण पाठ्यपुस्तक हे नेमून दिलेले, परीक्षेला बांधलेले आणि वर्षभर तेच राहणारे पुस्तक असते. सरावाला लागतात भरपूर, सोपी, स्वतः निवडलेली आणि अर्धवट टाकून देण्याची मुभा असलेली पुस्तके. शाळेत जाण्यापूर्वीच मूल चित्रे पाहून गोष्ट सांगू लागते, पुस्तक कोणत्या बाजूने उघडायचे हे शिकते, वाचून दाखवणाऱ्याच्या बोटामागे नजर फिरवते. भाषाशिक्षणाचे अभ्यासक या पूर्वतयारीला उदयोन्मुख साक्षरता म्हणतात, आणि ज्या घरात एकही पुस्तक नाही त्या घरातील मुलाला ही तयारी करून देणारी सार्वजनिक जागा ग्रंथालयाखेरीज दुसरी नाही. युनेस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयविषयक जाहीरनाम्याच्या १९९४ च्या आवृत्तीत ग्रंथालयाची बारा कार्ये सांगितली आहेत आणि लहान वयापासून वाचनाची सवय लावणे हे त्यांतील पहिले कार्य आहे. महाराष्ट्रात मात्र ते कार्य शेवटच्या खोलीतल्या शेवटच्या कपाटात ठेवले गेले.

ते कपाट बंद का राहते याचे कारण ग्रंथपालाच्या स्वभावात शोधणे अन्यायाचे होईल. ग्रंथालयाची वर्गवारी, म्हणजे अ, ब, क आणि ड या श्रेणींपैकी त्याचे स्थान, पुस्तके, नियतकालिके आणि सभासद यांच्या संख्येवर मुख्यतः ठरते आणि वर्गवारीवरून सहायक अनुदान, म्हणजे शासनाकडून दरवर्षी मिळणारी आर्थिक मदत, ठरते. तपासणीत दाखलनोंदवहीतील पुस्तक जागेवर आहे की नाही हे पाहिले जाते. ते किती मुलांच्या हातून गेले, किती वेळा पुन्हा मागितले गेले, वापरून वापरून त्याची शिवण उसवली का, याला तेथे किंमत नाही. हरवलेल्या पुस्तकाचा जाब विचारला जातो, न वाचलेल्या पुस्तकाचा कोणी विचारत नाही. २०१२ नंतर थेट २०२२ मध्ये शासनाने अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर केली, तरी ड वर्गातील खेड्यातल्या ग्रंथालयाला वर्षाला ४८,००० रुपये, म्हणजे महिन्याला ४,००० रुपये, मिळणार आणि त्यातूनच कर्मचाऱ्याचे वेतन, वर्तमानपत्रे, वीज व नवी पुस्तके भागवायची, अशी स्थिती राहिली. अशा परिस्थितीत तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याने पुस्तक जपण्यासाठी कुलूप लावले, तर तो गुन्हेगार ठरत नाही. गुन्हा त्या व्यवस्थेचा आहे जिने संग्रहाला वाचनापेक्षा मोठे मानले, आणि त्या कार्यकारिणींचा आहे ज्यांनी ही व्यवस्था बदलण्याऐवजी तिच्या आडोशाला सुखाने संसार केला.

हे कुलूप काढण्याचा मार्ग मराठी माणसाला ठाऊक नव्हता असेही नाही. बडोद्याचे उदाहरण या चळवळीत वारंवार घेतले जाते, परंतु समारंभापुरते. त्यातील तपशील क्वचितच सांगितला जातो, म्हणून तो येथे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि शाळा सुटल्यावर पुस्तक हाती राहिले नाही तर मूल शिकलेले विसरून जाते, ही गोष्ट ओळखून १९१० मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डेन यांना बोलावून स्वतंत्र ग्रंथालय खाते उभे केले. बोर्डेन यांनी मध्यवर्ती ग्रंथालयात मुक्तद्वार पद्धत आणली, म्हणजे वाचकाने खिडकीतून नाव सांगून पुस्तक मागण्याऐवजी स्वतः फळ्यांमध्ये फिरून ते निवडावे अशी व्यवस्था केली. तेथे मुलांसाठी स्वतंत्र दालन होते, त्यात पुस्तकांबरोबर खेळ होते, आणि स्त्रियांसाठी वेगळी सोय होती. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या जात आणि त्यांच्या वाहतुकीचा भार गावावर पडत नसे. गावाने वर्गणीतून एक हिस्सा उभा केला की प्रांत पंचायत दुसरा आणि सरकार तिसरा हिस्सा देई, त्यामुळे ग्रंथालय गावाचे राहिले आणि त्याची जबाबदारी मात्र एकट्या गावावर पडली नाही. या कामाचा वृत्तान्त जनार्दन कुडाळकर यांनी १९१९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, दळणवळणाची साधने बेताची असताना, एका मराठी राजाच्या संस्थानात जे घडू शकले, ते आजच्या महाराष्ट्रात अव्यवहार्य आहे असे जे कोणी सांगतात, त्यांनी बडोदा वाचलेले नाही किंवा वाचून दडवलेले आहे.

एस. आर. रंगनाथन यांच्या १९३१ मधील ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी पहिले सूत्रच ग्रंथाचा उपयोग हा संग्रहाचा हेतू मानते. त्यांच्या जन्मदिनी, १२ ऑगस्टला, प्रतिमेला हार घालणाऱ्या आणि मग संध्याकाळी बालविभागाची किल्ली खिशात घालून घरी जाणाऱ्या पदाधिकाऱ्यांना ही विसंगती जाणवत नसेल, तर ती जाणवून देणे हे या अधिवेशनाचे कर्तव्य आहे. गेल्या खेपेस बालविभागाचा ठराव ज्यांनी उपसूचनांच्या गर्दीत बुडवला आणि त्याच बैठकीत सत्कार समारंभाच्या खर्चाला मात्र एकमताने मंजुरी मिळवली, त्यांची नावे घेण्याचे कारण नाही. सभागृहाला ती ठाऊक आहेत.

कायद्याचा विचार केला तरी दोष व्यवस्थेतच सापडतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा असून तो १ मे १९६८ पासून अंमलात आला, परंतु त्यात ग्रंथालय उपकराची तरतूद नाही. उपकर म्हणजे घरपट्टीसारख्या करावर विशिष्ट कामासाठी लावलेली आणि त्याच कामावर खर्च करण्याची जादा आकारणी. मद्रास प्रांताने १९४८ च्या कायद्यातच ही तरतूद केली आणि कर्नाटकाने १९६५ मध्ये तोच मार्ग धरला. महाराष्ट्रातील ग्रंथालय मात्र प्रत्येक अर्थसंकल्पापुढे हात पसरून उभे राहते, आणि ज्याला स्वतःच्या पुढच्या वर्षाची शाश्वती नाही ते मुलाच्या पुढच्या दहा वर्षांचा विचार करू शकत नाही. कर्नाटकाने २०२० मध्ये ‘ओदुव बेळकु’ या मोहिमेद्वारे ग्रामपंचायत ग्रंथालयांत मुलांना विनाशुल्क सभासदत्व देण्यास सुरुवात केली. आपल्याकडे अनेक ठिकाणी आजही मुलाकडून अनामत, म्हणजे पुस्तक परत येईपर्यंत ठेवून घ्यायची रक्कम, मागितली जाते, आणि ज्या घराला ती भरता येत नाही त्या घरातील मुलालाच पुस्तकाची सर्वांत जास्त गरज असते.

किशोरवयीन वाचकाची उपेक्षा तर याहून गंभीर आहे. बालविभाग सोडण्याचे आणि प्रौढ विभागात न शिरण्याचे असे ते वय असते. वाचनालयांच्या ज्या दालनांत या वयाची मुले बसू शकली असती, ती दालने आता स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांनी व्यापली आहेत. परीक्षेला बसणाऱ्या तरुणांना शांत जागा आणि दिवा हवा, याबद्दल वाद नाही. त्यांच्यासाठी अभ्यासिका अवश्य चालवाव्यात. परंतु तेथे वाचले जाते ते उमेदवाराने स्वतः आणलेले पुस्तक, त्यामुळे खुर्च्या भरलेल्या असल्या तरी ग्रंथालयाचा संग्रह फळीवरच राहतो, आणि या गर्दीचे छायाचित्र वार्षिक अहवालात छापून वाचन वाढल्याचा दावा करणे ही समाजाची फसवणूक आहे. आठवी-नववीतल्या मुलीच्या दृष्टीने पाहिले तर नुकसान अधिकच मोठे दिसते, कारण लहान गावात काही खरेदी न करता, कोणाला कारण न सांगता, तासभर सुरक्षित बसता येईल अशा जागा तिला फार थोड्या असतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ज्या वयाला पळवत नेतो त्या वयासाठी ग्रंथालयाने एक लांब बाक, उघडी फळी आणि त्यांच्याच निवडीने दरमहा येणारी काही पुस्तके एवढे जरी ठेवले, तरी ती मुले येतात.

कुटुंबापर्यंत पोहोचण्याची एक वाट मराठी वाचनालयाने स्वतःच घडवली आहे आणि तिचे श्रेय त्याला दिले पाहिजे. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि त्यातून उभ्या राहिलेल्या परंपरेवर वाचनालयांनी दिवाळी अंक योजना बसवली, ठरावीक वर्गणी भरली की पुढील काही महिने एकेक अंक घरी नेता येतो, आणि तो घरातील प्रत्येकाच्या हातून फिरतो. एका नोंदीवर सबंध घर वाचते, असे कौटुंबिक साक्षरतेचे, म्हणजे मोठ्यांच्या आणि मुलांच्या वाचनाने एकमेकांना आधार देण्याचे, इतके सोपे रूप दुसरीकडे शोधावे लागेल. ही योजना वर्षभर का चालू नये, तिच्यात ‘किशोर’ मासिकाचे मागील अंक आणि चित्रपुस्तके का असू नयेत, आणि ज्या आईचे स्वतःचे शिक्षण अर्धवट राहिले तिला मुलाशेजारी बसून वाचता येईल असा आठवड्यातला एक तास प्रत्येक वाचनालयाने का राखू नये, याचे उत्तर देण्याची जबाबदारी चळवळीवर आहे. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन एक दिवस साजरा होतो. मुलाला प्रेरणेपेक्षा सोळा ऑक्टोबरला उघडे असलेले दार हवे असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय आवश्यक ठरवले आहे, आणि शेजारचे सार्वजनिक ग्रंथालय त्या शाळेला पेटी पाठवू लागले तर बडोद्याचाच मार्ग नव्याने सुरू होईल.

रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. एवढा वारसा असलेल्या चळवळीने वारशाची वर्षे मोजत बसू नये. या अधिवेशनापुढे चार मागण्या ठेवल्या जात आहेत: चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला वर्गणी व अनामत न घेता सभासदत्व मिळावे, बालविभाग मुक्तद्वार असावा आणि वापरात फाटलेल्या किंवा हरवलेल्या बालपुस्तकांसाठी ठरावीक टक्केवारीपर्यंत कर्मचाऱ्याला जाब विचारला जाऊ नये, वर्गवारीच्या निकषांत मुलांनी नेलेल्या पुस्तकांच्या संख्येला स्थान मिळावे, आणि ग्रंथालय उपकराची तरतूद करण्यासाठी १९६७ च्या अधिनियमात दुरुस्ती व्हावी. यांपैकी शेवटच्या दोन मागण्या शासनाच्या हाती आहेत, परंतु पहिल्या दोन या सभागृहात बसलेल्या कार्यकारिणींच्या हाती आहेत आणि त्यांच्यासाठी कोणत्याही आदेशाची वाट पाहावी लागत नाही. म्हणून हा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत न करता नावे पुकारून मताला टाकावा, कोणत्या वाचनालयाने कोणते मत दिले ते कार्यवृत्तात छापावे, आणि जे विरोधी मत देतील त्यांनी यापुढे मराठी मुलांच्या वाचनाविषयी तक्रार करण्याचा अधिकार सोडावा.